पेट्यांचं वजन

२ फेब्रुवारी

गाडी दारात उभी आहे. माझी गाडी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, त्यामुळे अजून खरं वाटत नाही. जेवताना दोनदा उठून खिडकीतून बघून आलो. ही म्हणाली, "पळून नाही जात ती. जेवण गार होतंय." लहानच ट्रक आहे, दोन मालकांच्या हातून आलेला, डाव्या दाराला गंज आहे. पण कागदावर नाव माझं आहे.

ही डायरी टायरवाल्यानं दिली. म्हणाला, मालक लोक हिशेब लिहितात. हिशेब हीच ठेवते, मला त्यातलं फारसं कळत नाही. मी आपलं मनात येईल ते लिहीन. मालकाच्या गाडीवर असताना नाक्यावर काही भानगड झाली की मालकाचं नाव सांगून मोकळं होता यायचं. आता ती सोय गेली.

९ फेब्रुवारी

पहिलं लांबचं भाडं मिळालं आणि तेही कसलं, तर मधमाश्यांचं! गॅरेजवाल्यानं हसतच नंबर दिला. दुसरा कुणी ड्रायव्हर तयार होत नाही म्हणे.

आज जाऊन बघून आलो. बाई साठीच्या पुढच्या, अंगानं काटक, बोलायला मोकळ्या. घरामागच्या उतारावर शंभरेक पेट्या ओळीनं मांडलेल्या. इथला फुलोरा संपला, पुढच्या राज्यात सूर्यफूल सुरू झालंय. तिकडच्या शेतांत पेट्या नेऊन ठेवायच्या आणि फुलं संपली की परत आणायच्या. दरवर्षी हे सगळं त्यांचे यजमान बघायचे. ते गेल्या वर्षी गेले. मुलगा शहरात असतो. आई, पेट्या विकून टाक, आता तुला झेपत नाही, असा त्याचा घोषा.

"झेपतं की नाही ते या फेरीत कळेल," बाई म्हणाल्या.

माश्या न्यायची रीत त्यांनी नीट समजावली. संध्याकाळी सगळ्या आत आल्या की दारं बंद करायची, पेट्या चढवायच्या आणि गाडी चालती ठेवायची. वारा लागला की ठीक. पण गाडी उन्हात उभी राहिली की आत उकाडा वाढतो, माश्या बिथरतात, एकमेकींवर चढतात, मेण वितळतं आणि आपल्याच मधात बुडून मरतात.

मग एक गंमत दाखवली. पेटीचा कोपरा दोन बोटांनी जरासा उचलला आणि वजन सांगितलं. मी म्हटलं, काहीतरीच! घरच्या काट्यावर ठेवून बघितली तर बरोबर तेवढंच. अशा सगळ्या पेट्या उचलून त्यांनी बेरीज केली आणि परवान्याच्या अर्जात एकूण वजन लिहिलं.

मी त्यांना नाक्याबद्दल धीर दिला. गाडीचा तात्पुरता परवाना मी काढतो, मालाचा प्रवेश परवाना तुमच्या नावानं. दूध, भाजी, कोंबड्या, असल्या नाशवंत मालाच्या गाड्यांना कुणी काट्यावर घेतच नाही. कागद बघतात, शिक्का मारतात, की चला.

सूर्यफुलाची शेतं ताईच्या गावाला लागूनच आहेत.

१३ फेब्रुवारी

ताईसाठी फरश्या मिळाल्या. माझ्या ओळखीचा एक चौकीदार आहे, त्याचं गोदाम बंद होतंय. उरलेली खोकी ने म्हणाला, नाहीतर फेकणारच आहेत. फिकट निळी फरशी, एकही तडा नाही.

आई गेल्यावर ताईनं मला वाढवलं. तिचं घर बांधून झालं, पण दाजींचे गुडघे गेले आणि काम तिथंच थांबलं. स्वयंपाकघरात अजून दाबलेली खडी आहे. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "फरशीचं राहू दे रे. तू दोन दिवस राहायला ये. येतोस काय, उभ्या उभ्या चहा पितोस काय, नि निघतोस काय." तिची ही जुनीच सवय, हवं असलं तरी नको म्हणायची. मनातून हरखलीच असणार.

फरशीला पुढच्या राज्यात वेगळा परवाना लागतो. त्याला खरेदीची पावती हवी. चौकीदारानं दिलेल्या मालाची पावती कुठून आणू? पण बाईंच्या गाडीत खाली घातली तर? माश्यांच्या खाली कोण हात घालणार!

हिला सांगितलं. ती म्हणाली, "बाईंना विचारलंत?"

"त्यांना काय फरक पडतो?"

"मग विचारा की."

मी पंख्याचा आवाज येतोय म्हणून स्टूल आणायला उठलो.

१७ फेब्रुवारी

पेट्या भरल्या. फरश्या पुढच्या भागात, डाव्या फळीमागे, त्यांवर ताडपत्री. बाई वाकून बघत होत्या. "खाली काय घातलंत?"

"फळ्या. पेट्या हलू नयेत म्हणून."

"किती काळजी घेता हो दादा."

एरवी मी कुठलाही माल असो, निघायच्या आधी बाहेरच्या काट्यावर गाडी तोलून घेतो. ड्रायव्हरचा पहिला नियम. आज नाही घेतली. उशीर होईल म्हणालो.

१९ फेब्रुवारी

कालचं लिहायला आज बसलोय. ओठ सुजलाय, मानेला हात लावता येत नाही.

उजाडताना सीमेच्या नाक्यावर पोचलो. रांग लांबलचक. पुढच्या दूधवाल्याला विचारलं तर म्हणाला, वरून हुकूम आलाय, दूध असो की दगड, सगळ्यांना काट्यावर घ्यायचं. नाक्यावरच्या युक्त्या मला काय कमी माहीत आहेत! पाळी बदलायच्या वेळी पोचायचं, टाकी अर्धीच भरायची, मागचं चाक काट्याच्या कडेवर ठेवायचं. पण हा काटा नवा होता, चाकांचा एकेक आस वेगळा तोलणारा. आणि काट्यावरच्या तरुण मुलीचं लक्ष चाकांवरच होतं.

तिनं आकडा बघितला, कागद बघितला, परत आकडा बघितला. "काका, अर्जात लिहिलंय त्यापेक्षा बरंच जास्त भरतंय."

मी तोंड उघडायच्या आत बाई केबिनमधून खाली उतरल्या. "ते मी लिहिलंय. कितीनं जास्त?"

मुलीनं सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम उतरला. "मध भरला असेल. शेवटच्या आठवड्यात भरला असणार. पण मी तर सगळ्या उचलून बघितल्या होत्या..." आणि त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

मुलगी चांगली होती. म्हणाली, जास्तीचा माल शेडमध्ये उतरवा, मी आत्ता सोडते. नाहीतर परवान्यावर वजन वाढवून घ्या, त्याला मोठ्या साहेबांची सही लागेल. साहेब दहापर्यंत येतात.

"पेट्या इथं उतरवून कसं चालेल?" बाई म्हणाल्या. "मी त्यांना सोडून जाऊ कुठं?"

मी म्हणालो, "साहेब येईपर्यंत थांबू."

डावी फळी उघडायची, ताडपत्री सरकवायची, खोकी शेडमध्ये ठेवायची. पाव तासाचं काम. एकाही पेटीला हात लावावा लागला नसता. हे मला तेव्हाच दिसत होतं. काही सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण बिनपावतीचा माल सापडला असता, गाडी पहिल्याच फेरीला अडकली असती, आणि बाईंना कळलं असतं. दहापर्यंत तर थांबायचं आहे, मनाशी म्हटलं.

दहाला साहेब आले नाहीत. कुठल्याशा बैठकीला गेले होते. ऊन चढलं. पेट्यांतली गुणगुण आधी जाड होती, ती बारीक आणि तीव्र होत गेली. बाई तोंडावर जाळी ओढून वर चढल्या आणि पाणी मारायला लागल्या. मुलीनं कार्यालयाच्या नळाची नळी ओढून दिली. आधी लांब पळालेले ड्रायव्हर कॅन भरून आणायला लागले. एका टँकरवाल्यानं तर आपली गाडी आमच्या बाजूला लावली, तेवढीच सावली. मीही पाणी मारत होतो. जाळी घातली नव्हती. माश्या चावत होत्या आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

"दादा, तुम्ही लांब व्हा," बाई वरून ओरडल्या. "तुम्हाला उगाच त्रास."

मी तीनदा त्या मुलीच्या खिडकीशी गेलो. एकदा साहेबांचं विचारायला. एकदा आणखी पाण्याचं विचारायला. तिसऱ्यांदा नुसताच उभा राहिलो. तिनं मान वर केली. "काका, काही सांगायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं परत साहेबांना फोन लावला.

वरच्या थरातला आवाज बंद झाला तो मला कळलाच नाही. बाईंना कळला. त्यांनी एका पेटीला कान लावला, दुसरीला लावला, तिसरीला. मग पाणी मारायच्या थांबल्या. फळीच्या फटीतून मध ओघळत होता. त्यांनी बोट लावून बघितलं. "गरम आहे," म्हणाल्या.

साहेब जेवणानंतर आले. सही करताना म्हणाले, "माश्या होत्या होय? मग आधी सांगायचं ना."

पुढच्या सगळ्या रस्त्यात बाई एकदाच बोलल्या. "मुलगा म्हणत होता तेच खरं. माझे हात गेले." तेव्हा बोलायला हवं होतं. मी गिअर बदलला.

२१ फेब्रुवारी

ताईकडे फरश्या उतरवल्या. तिनं फरशीकडे बघायच्या आधी माझं तोंड बघितलं. "अरे देवा, हे काय झालं?" गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, लहानपणी ठेवायची तशा. मी म्हटलं, माश्या चावल्या.

"आणि त्या बाई?"

"त्या ठीक आहेत."

दाजी काठी टेकत येऊन एकेक फरशी उन्हात धरून बघत होते. इतक्या महिन्यांत त्यांना असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. ताई म्हणाली, राहा आज. मी म्हणालो, भाडं लागलंय. भाडं काही नव्हतं. वळणापलीकडे गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो.

२७ फेब्रुवारी

त्या बाजूचं भाडं मिळालं म्हणून सूर्यफुलाच्या शेतावर जाऊन आलो. कुणी बोलावलं नव्हतं. बाई पत्र्याच्या खोलीबाहेर बसून मेलेल्या पेट्या खरवडत होत्या. तिसाव्या पेटीनंतर मी मोजायचं सोडलं. खरवडलेलं सगळं एका खड्ड्यात टाकत होत्या. मेण, मध आणि माश्या, सगळा काळा लगदा.

भाड्याचा विषय निघाला. मी म्हटलं, मला नको. ऐकेनात. "तुमची काय चूक? तुम्ही तर चावून घेतलंत."

मग एका जित्या पेटीचा कोपरा उचलला, मनाशी काही आकडा धरला, आणि तरी ती पेटी उचलून काट्यावर ठेवली. आकडा परत परत बघितला. मी विचारलं, "चुकलं का?"

"नाही, बरोबर आलं," म्हणाल्या. "काटाच बिघडला असेल."

६ मार्च

बाईंचा फोन आला. पेट्या विकायचं ठरलं. मुलानं गिऱ्हाईक बघितलंय. फुलं संपली की थेट त्याच्याकडे पोचवायच्या. "तुम्हीच न्या दादा. माश्यांना आणि तुम्हाला एकमेकांची सवय झालीय." हसल्यासुद्धा.

मी हो म्हणालो. हो म्हणालो! फोन ठेवला आणि गाडी धुवायला घेतली. गाडी स्वच्छच होती.

७ मार्च

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावेल, मग समजूत काढेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला कशाला सांगताय? तुम्ही सुजलेल्या तोंडानं आलात ना, त्याच दिवशी मला कळलं. त्यांना सांगा."

"गाडीचा परवाना जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट घेतला.

९ मार्च

सांगितलं.

सकाळीच शेतावर पोचलो. बाईंनी चहा टाकला. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐकून घ्या. त्यांनी गॅस बंद केला नाही, त्यामुळे मी बोलत असताना चहा उकळून उतू गेला, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

मी म्हणालो, खाली फळ्या नव्हत्या, फरश्या होत्या. माझ्या बहिणीसाठी. तुम्हाला विचारलं नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एका खोक्याचं वजन किती?"

मी सांगितलं. "खोकी किती?" तेही सांगितलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला, परत एकदा केला. मग खाटेवर बसल्या. "म्हणजे पेट्या मी लिहिल्या तेवढ्याच होत्या."

"हो."

"तेवढ्याच होत्या," परत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता सुटलो. इतका मूर्ख मी.

"नाक्यावर पोचलो तेव्हाच बोलला असतात, तर?"

"सगळ्या वाचल्या असत्या."

"दहा वाजता?"

"बऱ्याचशा."

"त्या मुलीनं तुम्हाला विचारलं तेव्हा?" त्यांनी वरून बघितलं होतं तर. "काय विचारलं ते ऐकू नाही आलं. पण तुम्ही मान हलवलीत ती दिसली."

"थोड्या वाचल्या असत्या," मी म्हणालो.

बाहेर माश्यांचा आवाज येत होता, जाड, शांत. मी म्हटलं, मी नुकसान भरून देतो. "कशानं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरोखर विचारावं तसं विचारलं.

मग त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "मुलगा आहे. त्याला सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आईला पेट्या सोडवत नाहीत म्हणून काहीतरी सबब काढते."

ज्याला कधी बघितलं नाही अशा माणसाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई समोर उभ्या. एक गोष्ट गाळली तर त्यांनी भर घातली, "मुलीनं विचारलं तेही सांगा." तेही सांगितलं. तो पलीकडून म्हणाला, "आईनं तुम्हाला हे बोलायला लावलंय का?"

"हो," मी म्हणालो. "पण खरं आहे."

बाईंनी फोन घेतला. "ऐकलंस ना? मग आता त्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी ठरवीन. नाही, तू येऊ नकोस." फोन ठेवला, चहाचं भांडं उतरवलं, ओटा पुसायला घेतला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परतीची गाडी मी दुसरी बघते. तुम्ही निघा आता."

दादा म्हणाल्या नाहीत.

१० मार्च

परत येताना ताईकडे थांबलो. तिलाही सांगितलं. स्वयंपाकघर फरशीनं निळंनिळं झालंय. दाजींनी बसून, सरकत सरकत स्वतः बसवली म्हणे. ताई उंबऱ्यावर उभी होती.

"मी मागितल्या होत्या का रे?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी तुला काय मागितलं होतं, आठवतं का तुला तरी?"

मला वाटतं, ती फार चिडली आहे. रात्री तिथंच राहिलो. चिडलेल्या माणसाला एकटं सोडून कसं निघायचं?

२६ मार्च

सिमेंटचं भाडं. त्याच नाक्यावरून. आधी बाहेरच्या काट्यावर तोललं, मग निघालो. काट्यावर तीच मुलगी होती. मी आपणहून तिला फरश्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काका. पण मी फळी उघडायला सांगितली नाही. माश्यांची भीती वाटली." मग मान खाली घालून माझ्या कागदांवर शिक्का मारत राहिली. एकाच कागदावर दोनदा मारला. तिला सांगून मला हलकं वाटेल अशी कल्पना होती. उलट तिच्या डोक्यावर ओझं ठेवून आलो.

२ एप्रिल

दुपारी एका अनोळखी माणसाचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटला. म्हणाला, "मी ड्रायव्हर आहे. सूर्यफुलाच्या शेतावरून मधमाश्यांच्या पेट्या परत न्यायच्या आहेत, एका बाईंच्या. विकणार होत्या, पण नाही विकत आता. माझी पहिलीच वेळ आहे. नाक्याचं कसं करायचं विचारलं, तर बाईंनी तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, यांना विचार, यांना सगळं माहीत आहे."

मी अंगणात जाऊन बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. पेट्या भरायच्या आधी रिकामी गाडी तोल, भरल्यावर परत तोल, दोन्ही पावत्या वरच ठेव. परवान्यावरचं वजन आणि पावतीवरचं वजन जुळतंय ना, ते निघायच्या आधी बघ, नाक्यावर पोचून नाही. साहेबांची सही लागणारच असेल तर आदल्या दिवशी जाऊन घेऊन ये. नाक्यावर पहाटे पोच. उजाडलं असेल तर रांगेत उभा राहू नकोस, सरळ खिडकीवर जाऊन सांग की जिवंत माल आहे. तिथली मुलगी ऐकेल. आणि गाडीत पेट्यांशिवाय काहीही ठेवू नकोस. तुझा डबासुद्धा केबिनमध्ये.

तो लिहून घेत होता, मध्ये मध्ये "थांबा, थांबा" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे, तर तुम्हीच का नाही नेत?"

मी म्हणालो, "मीच आणल्या होत्या. माझ्यामुळे मेल्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "बरं. निघायचं किती वाजता म्हणालात?"

मी परत सांगितलं.